पुरवून वापरण्याचा हिशेब

पर्यावरणाच्या पुस्तकात शिरण्याआधी ‘शाश्वत’ हा शब्द मराठीत कीर्तनाच्या फडावर नांदत होता. पाथर्डी तालुक्यात तर तो फारच ओळखीचा असणार. मढीचे कानिफनाथ, वृद्धेश्वर, मोहटादेवी, भगवानगड अशी ठाणी असलेला हा तालुका आहे. देह अशाश्वत, नाम शाश्वत, हे तिथे लहानपणापासून कानावर पडते. 1987 मध्ये ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आयोगाने आपला अहवाल दिला. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणारा विकास, अशी कल्पना त्याने मांडली आणि मराठीने तिचे ‘शाश्वत विकास’ असे नामकरण केले. नाव भारदस्त झाले, पण त्यात एक घोटाळाही झाला. मूळ कल्पना मर्यादेची होती: किती आहे, किती काढायचे, किती मागे ठेवायचे. ‘शाश्वत’ मात्र अमर्याद गोष्टीला म्हणतात आणि जे कधी संपतच नाही त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. या कल्पनेला जवळचे शब्द मराठीत आधीपासून होते, फक्त ते स्वयंपाकघरात आणि खळ्यावर होते. पुरवून वापरणे, बेगमी करणे, एखादी वस्तू पुरवठ्याला येणे. कणगीतली ज्वारी पुढच्या सुगीपर्यंत पुरवायची असेल, तर कणगीत किती आहे आणि सुगी किती लांब आहे, या दोन्ही गोष्टी माहीत असाव्या लागतात. तालुक्याची महाविद्यालये ‘शाश्वत’ हा शब्द बोलतात आणि तालुका ‘पुरवून वापरणे’ या शब्दावर जगतो. या दोन शब्दांमधले अंतर हा या प्रकरणाचा विषय आहे.

अमेरिकेत ज्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात, त्याची सुरुवात इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे 1901 मध्ये झालेल्या ज्युनियर कॉलेजपासून मानतात. 1947 मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने हे नाव रूढ केले. परिसरातल्या मुलांनी घरी राहून शिकावे, फी परवडणारी असावी आणि परिसराच्या गरजेतून अभ्यासक्रम निघावेत, ही त्यामागची कल्पना होती. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने 2013-14 च्या सुमारास याच नावाची योजना आणली, पण तिचा रोख कौशल्य अभ्यासक्रमांवर राहिला. खऱ्या अर्थाने ते काम आपल्याकडे तालुक्याचे महाविद्यालय करते. पाथर्डी शहरातील बाबूजी आव्हाड महाविद्यालय किंवा आदिनाथनगरचे दादापाटील राजळे महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहे आणि पाटीवर ‘कम्युनिटी’ असा शब्द नाही. पण अशा महाविद्यालयात येणारी मुले एसटीच्या पासवर सकाळी येतात, दुपारी गावी परततात आणि संध्याकाळी शेतात किंवा दुकानात असतात. महानगरातल्या महाविद्यालयाला आपला परिसर शोधत जावे लागते. इथे तो रोज सकाळी स्वतःहून वर्गात येऊन बसतो. म्हणून शाश्वततेबद्दल असे महाविद्यालय काय बोलते, यापेक्षा ते कशाबद्दल बोलत नाही, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

महाविद्यालयांची ही भाषा आली कुठून, याचा मागोवा सोपा आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला. तो बराच काळ कागदावरच राहिल्यावर 2003 मध्ये न्यायालयाला पुन्हा कान उपटावे लागले. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम लागू केला. त्यासाठीचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. एराच भरूचा यांनी लिहिले. परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण, लोकसंख्या असे त्याचे घटक होते. एकूण 50 तासिकांपैकी 5 तासिकांइतका वेळ प्रत्यक्ष भेटीला ठेवला होता आणि जवळची नदी, तळे, डोंगर किंवा शेत पाहून त्याची नोंद करावी, अशी अपेक्षा होती. कल्पना चांगली होती. पण शेकडो विद्यार्थ्यांचा सक्तीचा विषय, वेगळा शिक्षक नाही आणि गुण मुख्य निकालात फारसे मोजले जात नाहीत, अशा परिस्थितीत कुठल्याही विषयाचे जे होते तेच याचेही होऊ शकते. क्षेत्रभेटीचा अहवाल मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरतो. ज्या मुलाचे घरच डोंगराच्या पायथ्याशी आहे, तो ‘डोंगरी परिसंस्था’ पुस्तकातून पाठ करतो आणि त्यात कोणालाच काही खटकत नाही.

या भाषेचा दुसरा झरा मूल्यांकनाचा आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेने 2017 पासून आणलेल्या चौकटीत संलग्न महाविद्यालयांसाठी एकूण 1000 गुण होते आणि त्यातले 100 सातव्या निकषाला, म्हणजे संस्थात्मक मूल्ये आणि उत्तम उपक्रम यांना. प्राध्यापकांच्या बोलण्यात ‘क्रायटेरिया सेव्हन’ म्हणून येतो तो हाच. त्यात विचारलेले प्रश्न बघण्यासारखे आहेत. सौरऊर्जा आहे का, एलईडी दिवे आहेत का, छतावरचे पाणी साठवता का, बोअरचे किंवा विहिरीचे पुनर्भरण करता का, आवारात वाहनांना बंदी आहे का, प्लास्टिकला बंदी आहे का, झाडे लावली आहेत का, हरित लेखापरीक्षण झाले आहे का. आवाराबाहेर पर्यावरणासाठी काही करता का, हाही प्रश्न आहे, पण तो अनेक पर्यायांमधला एक. पुराव्यादाखल जिओटॅग केलेले फोटो आणि बिले जोडायची. यात चुकीचा प्रश्न एकही नाही. मात्र सगळ्या प्रश्नांचे एकक महाविद्यालयाचे आवार आहे. बोअरचे पुनर्भरण केले का, असे विचारले जाते. बोअर किती फूट खोल आहे आणि दहा वर्षांपूर्वी किती होती, हे विचारले जात नाही. जे विचारले जात नाही ते नोंदले जात नाही आणि जे नोंदले जात नाही ते हळूहळू बोलण्यातूनही जाते. प्राध्यापकांना यात दोष देण्यात अर्थ नाही. परीक्षेला जो प्रश्न येतो त्याचेच उत्तर विद्यार्थी तयार करतो आणि मूल्यांकनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या जागी महाविद्यालय असते.

आता आवाराची भिंत ओलांडून तालुक्यात यावे. पाथर्डी अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. गर्भगिरीचे डोंगर, त्यांच्या उतारावरची हलकी जमीन, बाजरी, तूर, कापूस आणि रब्बीची ज्वारी. जिल्ह्याच्या या बाजूला पावसाची सरासरी साधारण 500 ते 600 मिलिमीटर असते आणि सरासरी हा शब्दही फसवाच आहे, कारण एखाद्या वर्षी निम्मा पाऊसही पडत नाही. खाली दख्खनचा काळा पाषाण. तो वाळूसारखे पाणी पोटात घेत नाही. वरचा झिजलेला मुरूम आणि खडकातल्या भेगा एवढीच त्याची कोठी. ती एका पावसाळ्यात भरते आणि उपसा जोरात असेल तर एका उन्हाळ्यात रिकामी होते. याच जिल्ह्यात 1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. कालव्यांमुळे उत्तर भाग बागायती झाला आणि दक्षिणेचे तालुके बव्हंशी जिरायतीच राहिले. पाथर्डीच्या काही भागाला मुळा धरणाच्या कालव्याचे पाणी मिळते, उरलेला भाग आभाळाकडे पाहतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 10,000 लिटर पाणी. 500 मिलिमीटर म्हणजे 50 लाख लिटर. ऊस उभा करायला जमिनीनुसार 1500 ते 2500 मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे पडलेला थेंबन् थेंब अडवला, तरी एक हेक्टर उसाला इथला तीन ते पाच हेक्टरांचा पाऊस लागेल.

या आकड्यांची दुसरी बाजू माणसांची आहे. दसरा-दिवाळी झाली की शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या तालुक्यांप्रमाणे पाथर्डीतूनही ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’ असा हिशेब असतो. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, मुक्काम फडाजवळच्या कोप्यांमध्ये. स्वतःच्या गावात पाणी पुरत नाही म्हणून ही माणसे बाहेर पडतात आणि जे पीक सर्वाधिक पाणी पिते तेच तोडून पोट भरतात. महाविद्यालयाच्या वेळापत्रकाशी हे अगदी उलट्या बाजूने जुळते. पहिल्या सत्राची परीक्षा आणि दुसऱ्या सत्राच्या तासिका याच महिन्यांत असतात. मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना 2021 मध्ये आली, ती शालेय मुलांसाठी आवश्यकच होती. पण पदवीच्या वर्गातला विद्यार्थी डिसेंबरमध्ये गैरहजर दिसतो, तेव्हा ती नोंद हजेरीपटात पडते, पर्यावरणाच्या अहवालात पडत नाही. माझ्या मते या तालुक्यातल्या शाश्वततेचा सगळ्यात प्रामाणिक निर्देशांक तोच आहे. दसऱ्यानंतर वर्गातले किती बाक रिकामे झाले आणि कोणत्या गावांतले, हे सांगणारा तक्ता आवारातल्या झाडांच्या संख्येपेक्षा जास्त काही सांगून जाईल.

हिशेबाची भाषा बोलणारी उदाहरणे दूर शोधायला नकोत. पाथर्डीच्या शेजारच्याच नगर तालुक्यात हिवरे बाजार आहे. 1990 च्या आसपास पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा तेही स्थलांतराचे गाव होते. पुढे तिथे पाणलोटाची कामे झाली, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली. पण चर आणि बंधारे इतर अनेक गावांतही झाले आहेत. हिवरे बाजारचे वेगळेपण त्यानंतरच्या कामात आहे. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळीसारखी पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, असे गावाने ठरवले. पावसाळा संपला की किती पाऊस झाला हे मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे, मग उरलेल्यात कोणती पिके बसतात ते ठरवायचे. पवार वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर पदवीधर आहेत, हा योगायोग मला बोलका वाटतो. ताळेबंद हा शब्दच जमाखर्चाच्या वहीतला आहे. त्याही आधी, 1972 च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. जमिनीच्या आकाराऐवजी घरातल्या माणसांच्या संख्येवर पाणी द्यायचे, भूमिहीनालाही वाटा द्यायचा आणि उसाला पाणी द्यायचे नाही, हे त्याचे नियम होते. या दोन्ही प्रयोगांत कोणाला निसर्गप्रेमावर भाषण करावे लागले नाही. किती आहे आणि कोणाचे किती, एवढ्या दोन प्रश्नांवर सगळे चालले.

या दोन प्रश्नांसाठी महाविद्यालयाइतकी सोयीची जागा तालुक्यात दुसरी नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. त्यावरून पाणलोटाचे चित्र कळते, पण प्रत्येक वाडीचे कळत नाही. महाविद्यालयातल्या 40 विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातल्या दोन-दोन विहिरी त्याच चार महिन्यांत मोजल्या, तर 80 विहिरींची वर्षाला 320 मोजमापे होतात. दोरी, वजन आणि फुटांच्या खुणा एवढेच साहित्य लागते. भूगोल विभागाने नकाशा करायचा, वाणिज्यने गावाचा जमाखर्च मांडायचा, अर्थशास्त्राने बोअरवर झालेला खर्च आणि त्यासाठी काढलेले कर्ज लिहून घ्यायचे. मराठी विभागाने ओढ्यांची, शिवारांची आणि जुन्या बारवांची नावे म्हाताऱ्या माणसांकडून उतरवायची, कारण ओढ्याचे नाव विसरले गेले की त्यावरचे अतिक्रमणही दिसेनासे होते. यासाठी नवी योजना लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून आहे आणि तिचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी गावातच भरते. उन्नत भारत अभियानात संस्थांनी गावे दत्तक घ्यायची आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या पदवी आराखड्यात क्षेत्रप्रकल्प आणि समाज सहभागाला श्रेयांक आहेत. भांडी सगळी घरात आहेत, त्यांत एकच पदार्थ वर्षानुवर्षे शिजवायचे ठरवले पाहिजे. एका वर्षी झाडे, दुसऱ्या वर्षी स्वच्छता, तिसऱ्या वर्षी पथनाट्य, असे केल्याने कुठलाच आकडा दहा वर्षांचा होत नाही.

यावर पहिला आक्षेप अर्थातच कामाच्या वाटणीचा येईल. पाणी मोजायला सरकारची यंत्रणा आहे, शेतीच्या संशोधनाला याच जिल्ह्यात राहुरीचे कृषी विद्यापीठ आहे, मग बी.ए.च्या मुलांनी दोऱ्या घेऊन का हिंडावे आणि त्यांच्या आकड्यांवर विश्वास कोणी ठेवावा? आक्षेपाचा दुसरा भाग आधी घेऊ. एका मोजमापात चूक होईल, हे मान्य. पण त्याच विहिरीत, त्याच काठावरून, त्याच महिन्यात दहा वर्षे मोजले, तर पातळी चढते आहे की उतरते आहे, एवढे सांगायला ते पुरेसे असते आणि गावाला पिके ठरवताना तेवढेच लागते. पहिल्या भागाचे उत्तर कायद्यातच मिळते. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने घातली. अटल भूजल योजनेने 2020 पासून सात राज्यांतल्या निवडक गावांत पाण्याचा ताळेबंद आणला. कायदा आणि योजना दोन्ही वरून येतात, पण मुदत संपली की योजनेबरोबर तिची माणसेही जातात, आकडे कुठल्यातरी संगणकात राहतात आणि कायदा मोडला जातो आहे हे गावात सगळ्यांना माहीत असूनही लिहिलेले कुठेच नसते. महाविद्यालय मात्र पन्नास-पन्नास वर्षे त्याच जागी उभे असते. विज्ञानाची काटेकोर उपकरणे त्याच्याकडे कमी असतील, पण त्याच जागी टिकून राहणे हेही मोजमापाच्या कामात एक उपकरणच आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. हिवरे बाजारला महाविद्यालय लागले नाही, एक खमका सरपंच लागला. आणि ग्रामीण महाराष्ट्रात शिक्षणसंस्था, साखर कारखाना आणि राजकारण ही तीन बिऱ्हाडे पुष्कळदा एकाच वाड्यात राहतात. खुद्द पाथर्डी तालुक्यातही वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे आणि उसावर तोडणीवाल्यांपासून वाहतूकदारांपर्यंत किती घरे चालतात, हे तिथल्या मुलांना पुस्तकाबाहेरूनच माहीत असते. अशा वेळी उसाच्या पाण्याचा प्रश्न महाविद्यालयाने काढायचा कसा? सरपंचाबद्दलचे म्हणणे खरे आहे, पण ते माझ्याच बाजूचे आहे. एका माणसाच्या खमकेपणावर उभे असलेले काम त्याच्या नंतर किती टिकेल, ही काळजी कोणालाही वाटेल. हिशेबाची ती सवय अनेकांच्या हाती द्यायची तर शिक्षणाशिवाय दुसरा मार्ग नाही. राजकारणाबद्दल एवढेच म्हणेन की मोजणे म्हणजे आरोप करणे नव्हे. महाविद्यालयाने ऊस बंद करा असे सांगावे, असे मी म्हणत नाही. अमुक गावाच्या शिवारात पडलेले पाणी इतके आणि उभ्या पिकांना लागणारे इतके, एवढे ग्रामसभेच्या फळ्यावर लिहावे. निर्णय गावाचा. ज्या संस्थेला दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिण्याचीही धास्ती वाटत असेल, तिच्या आवारात कितीही सौर पट्ट्या बसवल्या तरी तिला शाश्वतता शिकवता येणार नाही.

तिसरा आक्षेप पालकांचा आहे आणि तो सगळ्यात सच्चा आहे. मुलगा किंवा मुलगी शिकते ती या दुष्काळातून सुटण्यासाठी, पुण्याला, छत्रपती संभाजीनगरला, निदान नगरला नोकरी लागावी म्हणून. तिला परत विहिरीच्या काठावर कशाला नेता? शिवाय पाणी आले म्हणून ऊसतोड थांबेल, याची तरी खात्री काय? उचलीचे कर्ज, लहान होत गेलेली जमीन, लग्नाचा खर्च, अशी बाहेर पडण्याची कारणे पुष्कळ आहेत. हे मान्यच करायला हवे. स्थलांतराचा सगळा दोष पावसावर टाकणे ही पळवाट आहे आणि शिकून शहरात जाणाऱ्याला गावाचा गुन्हेगार ठरवणे हा अन्याय आहे. पण जाणे आणि जावे लागणे यांत फरक आहे. परीक्षा देऊन पुण्याला गेलेली मुलगी आणि परीक्षा सोडून फडात गेलेली मुलगी या दोघीही आकडेवारीत स्थलांतरितच, तरी एकीने निवड केली आणि दुसरीला निवडच नव्हती. तालुका शाश्वत झाला असे म्हणायचे, तर तिथे राहणे शक्य असले पाहिजे. मग राहायचे की जायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. नोकरीच्या दृष्टीनेही हा सौदा तोट्याचा नाही. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांनी शाश्वततेकडे बरेचदा कामाच्या बाजूने पाहिले आणि पवनचक्क्यांचे तंत्रज्ञ घडवणारे अभ्यासक्रम काढले. आपल्याकडे पाणलोट, सूक्ष्म सिंचन, नकाशे आणि गावपातळीवरचे आराखडे यांच्या कामाला हिशेब येणारी माणसे लागतात. तीन वर्षे विहिरी मोजलेल्या पदवीधराजवळ दाखवण्यासारखे काहीतरी असते.

यावरून झाडे लावणे, टाकी बांधणे किंवा सौर दिवे बसवणे फुकट आहे, असा अर्थ काढू नये. आवारात पाणी मुरवणाऱ्या संस्थेलाच इतरांना सांगण्याचा थोडा अधिकार मिळतो आणि निकषांनी तेवढे तरी घडवून आणले आहे. चूक होते ती शेवट कुठे मानायचा यात. घरातला माठ भरला म्हणून गावाला पाणी पुरले असे कोणी समजत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयानेही आवार हिरवे झाले की आपला अहवाल पूर्ण झाला असे समजू नये. त्या अहवालात तीन आकडे वाढवले तरी पुष्कळ होईल: आपले विद्यार्थी ज्या गावांतून येतात तिथल्या विहिरींची मे महिन्यातली पातळी, त्या गावांना लागलेले टँकर आणि दसऱ्यानंतर वर्गातून कमी झालेली मुले. हे तीन आकडे दरवर्षी लिहिले, फळ्यावर लावले आणि मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवले, तर ‘शाश्वत’ हा शब्द वापरला नाही तरी चालेल. पुरवून वापरणाऱ्या घरात तो शब्द कोणी उच्चारत नाही, पण कणगीत किती उरले आहे हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते.